एव्हरिलबाईंचा थेंबाचा नियम

एव्हरिल मॅकस्किमिंग या बाईंना जगात दोनच गोष्टी हळूहळू करता येत. एक म्हणजे पेशींना कॅल्शियम पाजणं आणि दुसरी म्हणजे निवृत्त होणं. निवृत्तीचा केक कापून झाला होता, भाषणं झाली होती, भेट मिळालेलं बागकामाचं खुरपं लॅबच्याच एका खणात पडून होतं, आणि बाई रोज सकाळी पांढरा कोट चढवून हजर. विचारलं तर म्हणायच्या, "जाणार आहे रे बाबा, नवीन माणूस जरा तयार होऊ दे." तो नवीन माणूस अजून नेमलाच गेला नव्हता, आणि ते बाईंना चांगलं ठाऊक होतं.

बाकी सगळा कारभार मात्र एकदम. डनेडिन या डोंगराळ शहरातल्या चढणीच्या रस्त्यांवर बाई गाडी अशी घालत की शेजारी बसलेला माणूस देवधर्माला लागे. विशीत त्यांचं ओमारूच्या एका सुताराशी जमलं होतं. महिन्याभरात बाईंनी त्याला तीन स्वेटर विणून दिले, त्याच्या आईचं स्वयंपाकघर रंगवायला काढलं आणि होणाऱ्या मुलांची नावंही ठरवून टाकली. सुतार भला माणूस होता. कोणाला काही न बोलता तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला. स्वेटर मात्र घेऊन गेला, हे बाई अजून अभिमानानं सांगतात.

लेसिएली नावाची मुलगी टोंगाहून पीएचडी करायला आली ती नेमकी जुलैत, म्हणजे डनेडिनच्या ऐन हिवाळ्यात, पातळ जाकीट घालून. दुसऱ्याच दिवशी तिच्या खोलीच्या दारात बाई उभ्या. हातात पाच ब्लँकेटं, गरम पाण्याच्या दोन पिशव्या, लोकरीचे मोजे, एक पातेलं आणि मागे जिन्याला टेकवलेली सायकल. लेसिएलीला सायकल येत नव्हती. तिनं सगळं ठेवून घेतलं आणि त्या दिवसापासून बाईंना आंटी म्हणायला लागली. पुढे तीन वर्षं ती सायकल तिच्या खोलीत टॉवेल वाळत घालायच्या कामी आली.

अशी ही बाई लॅबच्या टेबलाशी उभी राहिली की वेगळीच होई. लॅब हृदयाच्या पेशींची. उंदराचं चिंचोक्याएवढं हृदय नळीला टांगायचं, त्यातून आधी बिनकॅल्शियमचं पाणी वाहू द्यायचं, म्हणजे पेशींनी एकमेकींचे धरलेले हात सुटतात. मग पाचक रस घालून त्या सुट्या करायच्या. आणि शेवटी काढून घेतलेलं कॅल्शियम त्यांना परत द्यायचं, कारण त्याशिवाय हृदयाची पेशी हलतच नाही. हे परत देणं म्हणजे बाईंचं राज्य. तिथे लॅबप्रमुख फर्गससुद्धा विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे. तो विद्यार्थी होता तेव्हापासून बाई त्याला रागावत आल्या होत्या.

नवीन आलेल्या प्रत्येकाला बाई उभ्या उभ्या धडा देत. लेसिएलीलाही दिला होता.

"ऐक. पेशीच्या बाहेर कॅल्शियम भरपूर, आत जवळजवळ नाहीच. पेशी जन्मभर दार अडवून बसलेली असते. दर ठोक्याला दार किलकिलं करते, चिमूटभर आत घेते, काम झालं की बाहेर काढते. एवढ्यावर तुझं माझं हृदय चाललंय."

"आणि जास्त आत आलं तर?"

"थोडं आलं तर आतली वीजघरं जोमानं चालतात. भसकन आलं की तीच वीजघरं फुगतात, फुटतात आणि फुटता फुटता अख्ख्या पेशीला मरायचा निरोप देतात. कॅल्शियम तेच, दार तेच. फरक फक्त किती आणि किती घाईनं, याचा."

"पण आंटी, मघाशी तर अजिबातच नव्हतं. तेव्हा त्या मेल्या नाहीत?"

बाईंना हा प्रश्न फार आवडे. कोणी विचारला नाही तर त्या स्वतःच विचारून घेत.

"तीच तर गोम आहे. काढून घेतलं म्हणून काही मरत नाहीत, गप्प पडून राहतात. पण उपाशी बसून बसून दारांची अक्कल जाते. मग एकदम पुढ्यात आलं की किती घ्यावं ते कळत नाही. नव्हतं तेव्हा जगल्या आणि मिळाल्यावर मेल्या. म्हणून थेंबाथेंबानं. एक माप घालायचं, टायमर लावायचा आणि दहा मिनिटं हात मागे बांधून गप्प उभं राहायचं. मग दुसरं, जरा मोठं माप. हात शिवशिवले तर खिशात घालायचे."

बाई स्वतः अगदी तसंच करत. कोटाच्या खिशाला अडकवलेला पिवळा टायमर लावायच्या आणि खिडकीतून बंदराकडे बघत उभ्या राहायच्या. ज्या बाईला टोस्ट भाजेपर्यंत धीर धरवत नाही, ती दहा-दहा मिनिटं पुतळ्यासारखी उभी राहते हे बघायला वरच्या मजल्यावरची माणसंही कधी कधी काहीतरी निमित्त काढून येत. मायक्रोस्कोपखाली निरोगी पेशी विटेसारखी दिसते, लांबट, चौकोनी, आडव्या पट्ट्यांची. मेलेली आकसून गोळा होते. बाईंच्या हातच्या पेशी म्हणजे नुसत्या विटा. गोळा शोधावा लागे.

लॅबमध्ये एक रिवाज होता. ज्याच्या हातून चूक होईल त्यानं शुक्रवारी सकाळच्या चहाला सगळ्यांसाठी घरी केलेलं काहीतरी आणायचं. बाटली फुटली, केक. फ्रीज उघडा राहिला, चीज रोल. बाहेरून विकत आणलेलं चालत नसे, त्यानं दंड वाढे. हा दंड वसूल करायचं काम अर्थातच बाईंकडे. त्या सगळ्यांचे केक खात, नावं ठेवत आणि दुसरा तुकडा घेत. त्यांच्यावर स्वतः दंड भरायची पाळी कधी आली नव्हती. ते सगळ्यांच्या पोटाच्या दृष्टीनं बरंच होतं, कारण बाईंच्या हातचे स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे गोल पाव, दाराला अडसर म्हणून लावता येत.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. बिघडलं ते नेव्हिलपायी.

नेव्हिल बाईंचा धाकटा भाऊ. पोर्ट चाल्मर्सला राहायचा, जन्मभर बंदरातल्या टगबोटीवर काम केलेला. मोठमोठी जहाजं बोटीच्या नाकानं ढकलत, कुठे ओरखडा न उठवता धक्क्याला लावणारा माणूस. बोलणं मोजकं. त्याच्या वाट्याचं सगळं बोलणं त्याची बायको ग्लेनिस बोलायची. ग्लेनिस हसरी, गोलमटोल, चर्चच्या प्रत्येक कार्यक्रमाला चीज रोलांचे ट्रेच्या ट्रे पुरवणारी. तिच्यासमोर बाईसुद्धा जरा हळू व्हायच्या. दर रविवारी बाई त्यांच्याकडे जेवायला जात आणि ग्लेनिस त्यांच्या हातातली सगळी भांडी काढून घेऊन त्यांना खुर्चीत बसवी. "बस गं एव्ह, घर कुठे पळून चाललंय?" असं ती म्हणे, आणि बाई बसत.

ती ग्लेनिस जूनमध्ये गेली. अंत्यविधीनंतर चर्चच्या पायरीवर नेव्हिल बहिणीला म्हणाला, "एव्ह, मला जरा एकटा राहू दे."

आता यातलं 'जरा' हे बाईंना कळणं शक्यच नव्हतं. तो शब्द त्यांच्या वापरात नव्हता. नेव्हिलला एकटं राहायचंय म्हणजे पुरतंच एकटं ठेवायचं, असं ठरवून बाईंनी अख्खा हिवाळा मन मारून काढला. फोन नाही, चिठ्ठी नाही, रविवारचं जेवण नाही. दर रविवारी गाडी काढायच्या, बंदराच्या कडेनं त्याच्या गावाच्या अलीकडच्या सॉयर्स बेपर्यंत जायच्या आणि तिथून गाडी वळवून परत यायच्या. घरी येऊन उभ्या उभ्या पाव खायच्या. नेव्हिलशिवाय त्यांना रक्ताचं माणूस उरलेलं नव्हतं.

ऑक्टोबर उजाडला, पहिलं जरा बरं ऊन पडलं आणि बाईंचा बांध फुटला. पुरे झालं एकटं राहणं. गाडीत मटणाच्या रश्शाची तीन भांडी, व्हॅक्यूम क्लीनर, धुतलेले पडदे, नवी उशी आणि आठवडाभराचे स्वतःचे कपडे भरून त्या पोर्ट चाल्मर्सला धडकल्या. नेव्हिल धक्क्यावर फिरायला गेला होता. दार नेहमीसारखं उघडंच. तो परत येईपर्यंत बाईंनी घर उलटंपालटं केलं होतं. पडदे बदलले, फ्रीज रिकामा केला, आणि ग्लेनिसचं कपाट आवरून तिच्या कपड्यांची पोती चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊनही आल्या. मागच्या दाराच्या खुंटीवर तिचा निळा रेनकोट लटकत होता, तोही त्यातच गेला.

नेव्हिल मागच्या दारानं आत आला. त्यानं खुंटीकडे पाहिलं. आरडाओरडा त्याच्या स्वभावात नव्हता. त्यानं बहिणीची पर्स उचलून तिच्या हातात दिली.

"घरी जा, एव्ह."

"अरे पण रस्सा गरम करतेय ना मी."

"घरी जा."

त्या दिवसापासून त्या दाराला आतून साखळी लागली. बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पायरीवर भांडी ठेवली, फोन केले, दाराच्या काचा वाजवल्या, पत्रपेटीत माफीची चिठ्ठी टाकली, मग रागाची, मग परत माफीची. दार उघडलं नाही. पायरीवरच्या रश्शामुळे शेजारच्या मांजराचं मात्र कल्याण झालं. बाईंना आता भीती वाटायला लागली होती, की ग्लेनिस तर गेलीच, आता भाऊही जिवंतपणी आपल्या हातून गेला.

लॅबमध्ये त्यांनी यातलं अक्षर काढलं नाही. मंगळवारी सकाळी लेसिएलीसाठी हृदय टांगलं, पेशी सुट्या केल्या. मध्येच खिशातला फोन वाजला. नेव्हिलच्या शेजारणीचा निरोप होता: त्यानं घरचा फोनच काढून टाकलाय. बाईंनी फोन परत खिशात टाकला. साडेदहा व्हायला आले होते, अख्खी इमारत चहाला निघाली होती, आणि बाईंच्या डोक्यात एकच, की खाली जाऊन शेजारणीला फोन लावायचा. त्यांचा हात पुढे झाला. पहिल्या मापाच्या बाटलीवर जायचा तो शेवटच्या मापाच्या बाटलीवर गेला, आणि त्यांनी ती घातली. सगळी. टायमर लावला नाही. लावायचा असतो हेही त्यांना आठवलं नाही.

चहाहून परत आल्यावर लेसिएलीनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग डोळा काढला, आणि परत लावला.

"आंटी, विटा कुठेत?"

"डोळे पूस आणि नीट बघ."

"पुसले. नुसते गोळे आहेत."

बाईंनी तिला कोपरानं बाजूला केलं आणि स्वतः पाहिलं. सगळीकडे गोळे. आकसलेले, फुटलेले, एकाचंही अंग धड नाही. बाईंनी काच हलवली, दुसरी जागा पाहिली, तिसरी पाहिली. मग वळून त्यांनी टेबलावरच्या बाटल्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"मी एकदम घातलं," त्या म्हणाल्या.

लेसिएलीचा अख्खा दिवस वाया गेला होता. पण तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे हो आंटी. पुढच्या आठवड्यात दुसरं करू. आज तुम्ही पेशींना ब्लँकेटं दिलीत, एवढंच. माझ्या नशिबानं मी दणकट होते म्हणून वाचले. सायकलसकट."

फर्गस दारात आला होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, आणि तिन्ही मजल्यांवरही. हसू दाबताना त्याचे कान लाल झाले होते.

"एव्हरिल, शुक्रवारचा चहा तुझा."

"माहितेय मला रिवाज. मीच चालवलाय तो."

"फक्त एक विनंती. स्कोन नकोत. इमारतीचा विमा नाहीये तेवढा."

सगळे हसले, बाईही हसल्या. हसता हसता त्या मायक्रोस्कोपपुढच्या स्टुलावर बसल्या. लेसिएलीनं गमतीनं म्हटलेली ब्लँकेटं त्यांच्या डोक्यातून जाईनात. हिवाळाभर काही नाही आणि मग एका दुपारी सगळं. रस्सा, पडदे, उशी, व्हॅक्यूम, आणि वर खुंटी रिकामी. नव्या पोरांना जन्मभर जे घोकून दिलं ते सख्ख्या भावाच्या बाबतीत आपल्याला दिसलं नाही, याचं बाईंना इतकं वाईट वाटलं की त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. लेसिएली खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिला हे सगळं माहीत नव्हतं, पण कधी पाठ फिरवावी ते तिला कळत होतं.

त्या संध्याकाळी बाई पोर्ट चाल्मर्सला गेल्या. रिकाम्या हातानं. असं त्यांच्या आयुष्यात आधी कधी घडलं नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावे तेच त्यांना कळेना. शेवटी खिशात घातले. दारावर एकदाच टकटक केली आणि थांबल्या. आतून पावलं आली, साखळीएवढं दार उघडलं, फटीत नेव्हिलचा एक डोळा.

"मला आत यायचं नाहीये," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "लॅबमध्ये माझ्या हातून चूक झाली. शुक्रवारी चीज रोल न्यायचेत. ग्लेनिस दूध कुठलं घालायची तेवढं सांग."

फटीतला डोळा बारीक झाला.

"तुझ्या हातून?"

"माझ्या हातून."

"डब्यातलं. आटवलेलं. गोड नव्हे."

"बरं."

आणि बाई निघाल्या. पायऱ्या उतरताना त्यांच्या तोंडाशी निदान वीस वाक्यं आली होती. जेवलास का, तब्येत कशी आहे, फोन का काढलास, दाढी का वाढलीय. सगळी गिळून त्या गाडीत बसल्या, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि चौकापर्यंत ते तसंच धरून ठेवलं. मागे दार लागल्याचा आवाज लगेच आला नाही, हे मात्र त्यांच्या कानांनी टिपलं.

बुधवारी घरी त्यांनी चीज रोल करून पाहिले. किसलेलं चीज, डब्यातलं दूध, कांद्याच्या सूपची पुडी, सगळं पातेल्यात घालून ढवळलं, घट्ट झालं तसं उकळतं मिश्रणच पावाच्या तुकड्यांवर थापलं आणि वळायला घेतलं. पाव फाटला. दुसरा फाटला. पूर्ण लादी फाटली. ओट्यावर जे तयार झालं ते बघून स्वतः बाईंनाच हसू आलं. संध्याकाळी परत पोर्ट चाल्मर्स, परत एकच टकटक.

"पाव फाटतो," बाई फटीला म्हणाल्या.

"गरम लावलंस ना?"

"मग?"

"गार होऊ द्यायचं असतं. पार गार. ग्लेनिस पातेलं झाकून कपडे वाळत घालायला जायची."

"तेवढा वेळ?"

आतून एक आवाज आला. नेव्हिल नाकानं हसला होता. टगबोटीवर असताना भोंगा वाजवल्यासारखा हसायचा, त्या मानानं हे काहीच नव्हतं. पण जूननंतर तो हसल्याचं बाईंनी ऐकलं ते हे पहिल्यांदा. त्यांना वाटलं साखळी उपटून टाकावी आणि त्याला मिठी मारावी.

"बरं," त्या म्हणाल्या आणि निघाल्या. फाटकाशी पोचल्या तेव्हा मागून हाक आली.

"एव्ह. चीज कुठलं घेतलंस?"

"स्वस्तातलं."

"तरीच," नेव्हिल म्हणाला आणि दार लागलं.

गुरुवारी बाई गेल्या तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं, साखळी खाली लोंबत होती. तरी त्यांनी टकटक केली. नेव्हिल आतून म्हणाला, "ये. पण दहा मिनिटं. जास्त मला झेपत नाही."

"दहा मिनिटं," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून लॅबचा पिवळा टायमर काढला, दहा मिनिटांवर लावला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला. नेव्हिलनं त्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि तो ओट्याकडे वळला.

ओट्यावर पातेलं होतं. त्यानं चीज किसून ठेवलं होतं, दुधाचा डबा उघडला होता. जुने पडदे परत लागले होते. खुंटी तशीच रिकामी. बाई खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. सिंकमध्ये कपबशांचा ढीग होता. त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, निदान दुसऱ्यांदा तरी नाही.

नेव्हिल ढवळत होता. हळूहळू, तळाशी लागू न देता, कडेचं मध्ये आणत. बाई बघत राहिल्या. मग त्यांनी ठरवून आणलेलं एकच वाक्य बोलून टाकलं.

"रेनकोट मी न्यायला नको होता, नेव्ह. परत आणायला गेले होते मी दुसऱ्या दिवशी. विकला गेला होता. माझी चूक झाली."

पुढची आठ-दहा वाक्यं त्यांनी आत ठेवली. हे फार कठीण गेलं. इतक्या वर्षांत कुठल्याही पेशीसाठी त्यांना एवढे कष्ट पडले नव्हते.

नेव्हिल ढवळत राहिला. मिश्रण घट्ट झालं, त्यानं गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं. पाठ बहिणीकडेच होती.

"खांद्यावर गळायचा तो," तो म्हणाला. "दोन वर्षं सांगत होतो तिला नवीन घे म्हणून. आता कोणीतरी बाई रॅव्हन्सबोर्नच्या बस स्टॉपवर उभी असेल, डावा खांदा भिजलेला, आणि विचार करत असेल की हे पाणी येतंय कुठून."

बाई हसल्या, आणि हसता हसता रडल्या, आणि रडताना उठून त्याच्याजवळ गेल्या नाहीत. मांडीखालचे हात तसेच ठेवून त्या बसून राहिल्या. नेव्हिलनंही वळून पाहिलं नाही. त्यानं फडक्यानं ओट्याचा एकच कोपरा बराच वेळ पुसला.

टायमर वाजला.

बाईंनी तो बंद केला. नाक पुसलं, पर्स उचलली आणि उठल्या. एवढ्या मोठ्या आयुष्यात, कोणी हाकलून न देता, त्या पहिल्यांदाच स्वतःहून उठल्या होत्या. दारापर्यंत गेल्या, रिकाम्या खुंटीवरून नजर काढून कडीला हात घातला.

"कुठे निघालीस?"

"दहा मिनिटं झाली."

नेव्हिलनं झाकण उचललं, करंगळी मिश्रणात बुडवून पाहिली आणि झाकण परत ठेवलं.

"अजून गरम आहे," तो म्हणाला. "परत लाव."